आखाडातली मोजणी

त्या अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं मी स्वतःची समजूत याच एका वाक्यावर घालत आलो. 'प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी सदर जागेवर एकही बेघर कुटुंब आढळून आले नाही. निरंक.' खाली माझी सही. पाहणी मी केली होती. कुटुंबं खरोखरच नव्हती.

मी तेव्हा एका खासगी सल्लागाराच्या कार्यालयात सर्वेक्षणाचं काम करायचो. शहराच्या विकास आराखड्यात इथे शाळा, तिथे दवाखाना अशी आरक्षणं टाकलेली असतात. त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं नुसती नकाशावर राहतात. मग कधीतरी त्यांची गरज अजून उरली आहे का, हे तपासायचं काम निघतं आणि ते आमच्यासारख्यांकडे येतं. पेठ रोडच्या बाजूच्या एका मोकळ्या भूखंडावर 'बेघरांसाठी निवारा' असं आरक्षण होतं. तो भूखंड आमच्या इमारतीच्या अगदी समोर होता. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून त्याचा कोपरा न् कोपरा दिसायचा. हे मी कार्यालयात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं.

त्या जागेवर पेठ-सुरगाण्याकडची माणसं बांबूवर प्लास्टिकचे कागद बांधून राहायची. सकाळी नाक्यावर उभी राहायची आणि मिळेल त्या बांधकामावर जायची. त्यातली एक बाई आमच्या खालच्या नळावर पाणी भरायला यायची. वॉचमन हटकायचा, पण माझ्या बायकोने त्याला एकदाच दम दिला आणि ते मिटलं. बाईचं वय चाळीसच्या आतबाहेर असेल. नवरा नव्हता. सोबत म्हातारी आई, तिच्या पायाला चिघळलेली जखम. एक दिवसाआड सिव्हिलमध्ये नेऊन ड्रेसिंग करून आणायचं, उरलेल्या दिवशी मजुरी.

चैत्रात मी पहिल्यांदा वही घेऊन तिथे गेलो. कच्ची यादी करायची होती. पक्की मोजणी नंतर, आणि तिची तारीख मीच ठरवायची होती.

"साहेब, खरंच बांधणार का हो?" बाईने विचारलं.

"आधी मोजणी होईल. मग बघतील."

"दार असंल ना त्याला? कडीचं?"

"असेल की. का?"

"म्हातारीला आत ठेवून कामावर जाता यील. इथं जखमेच्या वासानं कुत्री येत्यात. शेजारणीला तरी किती सांगावं? तिलाबी पोट हाय."

आतून म्हातारी ओरडली, "मला कोंडून जाणार म्हणती! मी काय शेळी हाय?"

"शेळी परवडली, आये. ती दूध तरी देती."

दोघी हसल्या. मीही हसलो. मी निघालो तेव्हा ती माझ्या मागे दोन पावलं आली आणि आपणहून म्हणाली, "परत यायचं असंल तर आखाडात येऊ नका, साहेब. आवणीला आमी समदी गावाला जातो, भात लावायला. एक माणूस सापडायचं नाय. उगी हेलपाटा पडंल तुमाला."

माझा हेलपाटा वाचावा म्हणून तिने हे सांगितलं होतं.

पंधरवड्यात सोसायटीची मीटिंग झाली. विषय होता गच्चीच्या गळतीचा, पण गाडी समोरच्या भूखंडावर गेली.

"निवारा झाला की संपलं. फाटकाशी बिड्या ओढत बसतील."

"परवा आमची चादर गेली वाळत घातलेली."

"तुमची चादर गच्चीवरून उडून आमच्या एसीवर पडली होती, वहिनी. मीच दिली आणून."

हशा झाला. मग आमच्या अध्यक्षांची नजर माझ्याकडे वळली. "तुम्ही त्याच लायनीत ना हो? का नुसती टेप धरता?" पुन्हा हशा. "नाही म्हणजे, बघा काही करता आलं तर."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. चहाचा कागदी कप चुरगाळत बसलो. मला बोलायला लावणं कुणाला सहसा जमत नाही, आणि त्याचा मला जरा अभिमानच होता.

तारीख मी आखाडात धरली. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. कुणी काही देऊ केलं नव्हतं. गॅलरीसमोर मोकळी जागा राहावी असं मलाही वाटत होतं, एवढंच. घर नवीन होतं, हप्ते सुरू होते, आयुष्यात पहिल्यांदा खिडकीतून आभाळ दिसत होतं. लागोपाठ तीन संध्याकाळी मी छत्री घेऊन त्या भूखंडावर उभा राहिलो. कागद सोडून नेलेले, बांबू नेलेले. चुलीच्या विटा तेवढ्या राहिल्या होत्या. विटा कुटुंबात मोजत नाहीत. चैत्रातली यादी अहवालाला जोडायची होती; ती मी फाडली. अहवाल गेला आणि दिवाळीआधीच रिकाम्या जागेला जाळी बसली; पुढे निवाऱ्याचं आरक्षण उठलं आणि तिथे बगीचा झाला.

जाळी बसली त्या दिवशी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुम्ही मोजायला कधी गेला होतात?"

"ठरलं होतं तेव्हा."

"ठरवलं कुणी?"

मी पेपर वाचत राहिलो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र संध्याकाळचा चहा ती गॅलरीत घ्यायची, तो स्वयंपाकघरात उभ्याने घ्यायला लागली. मी एकटाच बाहेर बसायचो आणि आतून कपबशी ठेवल्याचा आवाज यायचा. त्यानंतर आम्ही सहा वर्षं एकत्र काढली. भांडलो नाही. ती आजारी पडली तेव्हा मी सगळं केलं, रात्री जागलो, पण ती एक गोष्ट सांगितली नाही. शेवटच्या दिवसांत ती माझ्याकडे बघत पडून राहायची. ती वाट बघत होती, असं मला वाटतं. किंवा गुंगीत असेल.

दिवाळीनंतर ती बाई आईला घेऊन परतली तेव्हा तिथे जाळी होती. दोघी उड्डाणपुलाखाली राहिल्या. माघ संपता संपता ती मला नाक्यावर एकटी दिसली. मी मान खाली घालून निघालो होतो, तिनेच हाक मारली. "भाऊ! वहिनी बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत. आई?"

"गावाला नेऊन सोडली. पुलाखाली कुणाच्या भरवशावर ठेवू? तिथं पट्टी कोण करतंय... गेली मग. पाय सडला." आणि वर मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "तुमी तर लिहून घेतलं होतं बिचाऱ्यांनी. वरच्यांनी नाय केलं, त्याला तुमी काय करणार?"

त्या दिवसापासून मी कामाला जायचा रस्ता बदलला.

आता बायको नाही. मुलगी लग्न होऊन बंगळूरला असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते. मी हो म्हणतो. समोर बागेत लोक गोल गोल चालतात. आमच्या इमारतीतले तिला 'आपली बाग' म्हणतात. कधी कधी वाटतं खाली जाऊन त्यांच्यात चालावं, पण एवढ्या वर्षांत मी त्या फाटकातून आत गेलेलो नाही.

मागच्या महिन्यात पेपरात जाहिरात आली. आपल्या भागातल्या आरक्षणांची फेरतपासणी आहे, हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. दोन दिवस मी ती जाहिरात टेबलावर ठेवून जेवलो. तिसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गेलो. ती होती. केस पिकले होते, बाकी तशीच.

"काम हाय का, भाऊ?" तिने विचारलं.

"काम नाही. एक सांगायचंय, ताई."

आणि मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. माझं बोलणं सलग झालं नसावं, कारण ती मधे मधे 'मंग?' म्हणत होती.

"आमी नसतो हे तुमाला म्हाईत होतं?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

मागून एक बाई ओरडली, "अगं ए, चल ना, टेंपो भरला!" तिने नुसता हात वर करून तिला थांबवलं.

"मला सांगून काय करता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हातारी गेली. मी अजून पुलाखालीच हाय. जिथं लिवलं होतं तिथं जाऊन लिवा."

घमेलं उचलून ती टेंपोत चढली. त्यानंतर दोनदा नाक्यावर दिसली. ओळख दिली नाही, आणि तेच बरोबर आहे.

मी लिहिलं. तारीख मुद्दाम कशी धरली, यादी कशी फाडली, त्यावेळी मी समोरच राहत होतो, सगळं. यादीतली नावं मात्र आठवली नाहीत. कितीतरी घरं होती, पण तिचं आणि म्हातारीचं नाव सोडून एकही आठवेना. पालिकेच्या कार्यालयातल्या खिडकीशी बसलेल्या मुलीने कागद उलटसुलट पाहिला.

"काका, हरकत आहे की सूचना? वर लिहा तसं."

"हरकत."

"कशावर?"

"माझ्याच अहवालावर."

तिने मान वर केली, मग शिक्का मारला. "सुनावणीची नोटीस येईल. आजूबाजूच्या रहिवाशांनाही जाते."

नोटीस काल आली. आज सकाळी लिफ्टमध्ये आमचे अध्यक्ष भेटले. आता तेही थकलेत, काठी असते हातात. खिशातून कागद काढून म्हणाले, "कुणीतरी शहाणा निघालाय बघा. आपल्या बागेवर हरकत! तुम्ही त्यातले जाणकार. सोसायटीतर्फे उत्तर तुम्हीच लिहा."

"शहाणा मीच," मी म्हणालो. "हरकत माझी आहे."

ते आधी हसले. त्यांना वाटलं, मी आयुष्यात पहिल्यांदा विनोद केला. मग त्यांनी चष्मा लावून नोटिशीवरचं नाव पाहिलं. तळमजला येईपर्यंत आम्ही दोघंही दाराकडे बघत उभे होतो. दार उघडलं तेव्हा ते मला आधी बाहेर पडू देण्यासाठी भिंतीला चिकटून बाजूला झाले.