दोन बिस्किटं

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करण्यात मावशींची तीस वर्षं गेली. आपल्या खिडकीवरून कुणी उपाशी परत गेलं नाही, याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे सिझेरियनच्या सकाळी लेकीच्या पोटात काही नाही, हे बघून त्यांचाच जीव खालीवर होत होता. नर्सची पाठ वळताच त्यांनी पर्समधून दोन बिस्किटं काढून लेकीच्या हातात कोंबली.

"खा गं. एवढ्याने काय आभाळ कोसळतंय?"

पुढे भुलीच्या डॉक्टरांनी काही खाल्लंय का विचारलं, तेव्हा लेक म्हणाली, "राहवलं नाही, मीच दोन बिस्किटं खाल्ली."

"भुलीत उलटी झाली असती तर जिवावर बेतलं असतं!" डॉक्टर तिच्यावर कडाडले. ऑपरेशन सहा तास पुढे गेलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मावशींनी पर्सची चेन हळूच लावून घेतली.

बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. दुसऱ्या दिवशी लेक टाक्यांवर हात दाबून पहिल्यांदा उभी राहिली.

"काय बिस्किटवाल्या बाई, जमतंय ना?" नर्सने चिडवलं. लेकीला हसू आलं, टाके ओढले गेले आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मावशींना ते बघवेना. "सिस्टर, बिस्किटं मी दिली होती. ती माझ्या चुकीवर पांघरूण घालतेय."

"कालच बोलली असतीस तर माझी बोलणी वाचली असती, आई," लेक कण्हत म्हणाली.

नर्सने सूपची वाटी मावशींच्या हातात दिली. मावशींनी चमचा भरला, पण तो लेकीच्या ओठांपर्यंत नेलाच नाही.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "किती चमचे देऊ?"