पाणी कधी गेलं?

प्रसूतिकक्षातल्या मोठ्या सिस्टरना पाठीमागे सगळे ‘नाकवाल्या सिस्टर’ म्हणत. बाळंतिणीची चादर बदलताना त्या वाकून वास घ्यायच्या. नव्या नर्सेस तोंड फिरवून हसायच्या. “हसा, पण शिका,” त्या म्हणायच्या.

त्या सकाळी चार नंबरच्या खाटेवरची पोर म्हणाली, “आज घरी सोडणार ना?” बाळंत होऊन दोन दिवस झाले होते. बाळ पोटभर पिऊन झोपलं होतं. सिस्टरनी चादर उचलली आणि वाकून वास घेतला. वास कुजका होता. अंग चटका बसेल असं तापलेलं, नाडी एकशे तीस.

“दूध उतरताना ताप येतोच,” सासूबाई म्हणाल्या. “आम्हाला नाही का आला?”

“तुम्ही जरा बाहेर थांबा.” दार लागल्यावर सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. “पाणी कधी गेलं होतं? खरं सांग.”

दाखल करतानाच्या केसपेपरवर ‘आज सकाळी’ असं लिहिलेलं होतं. पोरीने दाराकडे पाहिलं. “इथे यायच्या दोन दिवस आधी. आई म्हणाल्या, लवकर गेलो तर पोट फाडतील.”

फेरीला आलेले डॉक्टर घाईत होते. “संध्याकाळपर्यंत वाट बघू.”

“संध्याकाळपर्यंत ही हाती लागायची नाही, सर.”

सिस्टर कधी उलट बोलत नसत. डॉक्टर थबकले. त्यांनी पोटावर हात ठेवताच पोर किंचाळली. मग पळापळ झाली. रक्त तपासणीला गेलं, सलाईनमधून औषधं सुरू झाली, बाळालाही सुई टोचली. दुपारी पोरीला अशी हुडहुडी भरली की लोखंडी खाट खडखडू लागली. ओठ निळे पडले, रक्तदाब खाली-खाली जात राहिला. शेवटी नवऱ्याने सही केली आणि गर्भपिशवी काढावी लागली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. बाळ ठणठणीत होतं. पोरीला काय झालं ते सांगायचं काम कुणी अंगावर घेईना, म्हणून सिस्टरनीच सांगितलं. बावीस वर्षांची ती. रडली नाही. सिस्टरचा हात तेवढा घट्ट धरला.

“ह्यांना माहीत आहे. पण पिशवी काढल्याचं आईंना सांगू नका. मला त्याच घरात राहायचंय.”

“नाही सांगत,” सिस्टर म्हणाल्या आणि वळल्या. दारात सासूबाई डबा घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.