पेव उघडणारा जगदेव

आसेगावात पेव उघडायचं तर जगदेवला बोलवावं लागे. जमिनीत खोल खड्डा, कडेनं कडबा, पोटात ज्वारी आणि तोंडावर मातीचा जाड लेप. लेप फुटताच माल कसा आहे ते जगदेव नाकानं सांगायचा. पेवाचं तोंड दिवसभर उघडं ठेवायचं, मग आत कंदील सोडायचा, तो विझला तर आतली हवा विषारी समजून माणूस उतरवायचा नाही, हा त्याचा नेम. तीस वर्षांत त्याच्या हाताखाली एक माणूस दगावला नव्हता.

अडतीस साली त्यानं रंगरावांचं पेव फोडलं आणि नाक दाबलं.

"मालक, खालची जवारी सडून राह्यली. आज कोनी उतरू नका."

रंगराव नागपूरला शिकून आलेले. बाजेवर पाय पसरून ते हसले. "अरे, विलायतेतले पंडित म्हणतात, पाहिल्याशिवाय वस्तू अशी की तशी हे ठरतच नाही. तोवर तुझी ज्वारी सडकीही आहे आणि चांगलीही!"

पंडित बोलले होते अणूच्या पोटातलं. या शहाण्यानं ते ज्वारीवर आणून बसवलं. आणि भोवतालची चार टाळकी माना डोलवत होती. जगदेवला शिसारी आली. "पाह्यले उतरलं तं मानूस मरते," एवढं बोलून तो भाकर खायला घरी गेला. तिथं बसून राहायला हवं होतं, ते त्याला सुचलं नाही.

त्याची पाठ फिरताच रंगरावांना खुमखुमी आली. ओंजळभर ज्वारी आणायला त्यांनी आपल्या सालदार गड्याला, सोमलाला, खाली उतरवलं. आरडाओरडा ऐकून जगदेव धावत आला. कंदील सोडला, तो लगेच विझला. दोराला गळ बांधून त्यानं सोमलाला वर ओढलं. अंग कोमट होतं, श्वास नव्हता.

पोलीस पाटलानं विचारपूस केली. रंगराव शांतपणे म्हणाले, "आत कोणीच पाहत नव्हतं. तेव्हा नेमकं काय घडलं, हे म्हणताच येत नाही. शास्त्रच तसं सांगतं." पाटलानंही मान डोलावली.

जगदेवनं हातातला दोर फेकून दिला. माणूस मारायचा आणि मढ्यासमोर बसून असलं ओकायचं! एवढ्या वेळात रंगरावांनी सोमलाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. सोमलाची बायको पंचफुला नवऱ्याचे पाय धरून बसली होती. जगदेवनं रंगरावांचं मनगट धरलं आणि त्यांना तिच्यासमोर ओढत आणलं.

"इकडं पाहा, मालक. तुमी पाह्यलं नाही, म्हनून इचा नवरा जित्ता हाय काय?"

रंगरावांनी डोळे मिटून घेतले.