बरं होण्याआधीची उपकारस्तुती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक पद्धत होती, अजूनही आहे. देवानं काही भलं केलं, दुखण्यातून उठवलं, पोराला नोकरी लागली, की उपकारस्तुतीची सभा ठेवायची. घरापुढे मांडव घालायचा, पाळकांना बोलवायचं, गाणी म्हणायची. ज्याचं भलं झालं त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते चारचौघांत सांगायचं. मग सगळ्यांनी जेवायचं. पद्धत चांगलीच आहे, तिच्यावर माझा काही राग नाही. माझा राग आहे तो माझ्या आईची उपकारस्तुती ठरवणाऱ्यांवर. तिला कॅन्सर होता, तो बरा झालेला नव्हता, आणि ह्यांनी मांडववाल्याला सांगूनसुद्धा टाकलं होतं!

ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही भांडुपला टेकडीच्या अंगाला चाळीत राहायचो. पप्पा एका कारखान्यात फिटर आणि मंडळीचा कारभार बघणारे पंच. मी साकीनाक्याला बटणं-सॉकेट जोडायच्या कारखान्यात होते. आई नगरकडची, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. तिची प्रार्थना पीठ मळता मळता चालायची, आणि मध्येच "अगं, दूध बघ, उतू चाललंय," असं मला ओरडून ती पुन्हा देवाशी बोलायला लागायची. देव तिच्या ओट्यावरच बसलेला असायचा म्हणा ना.

पिशवीचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन नको, लाईट घ्यावी लागेल. रेडिएशनला तेव्हा सगळे लाईटच म्हणायचे. शनिवार-रविवार सोडून रोज शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, मशीनखाली झोपायचं, परत यायचं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "मध्ये सोडायचं नाही हं. अर्ध्यावर सोडलं तर झालेलं सगळं फुकट जाईल." मी मालकाच्या हातापाया पडून पाळी बदलून घेतली आणि आईला नेऊ लागले. ती येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणायची, "आज मशीननं मला पापडासारखं भाजलं गं." हसायची वर.

अर्धी लाईट झाली आणि मंडळीत बाहेरगावचे एक ब्रदर आले. हात ठेवून लोकांना बरं करतात म्हणे. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला पप्पा आईला घेऊन गेले. ब्रदरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, मोठमोठ्यानं दुखण्याला आज्ञा दिल्या आणि जाहीर केलं, "ही भगिनी बरी झालेली आहे. डोळ्यांनी दिसायची वाट पाहू नका, विश्वासानं घ्या. येत्या रविवारी उपकारस्तुती करा!" सगळ्यांनी हालेलूया केलं. महिला मंडळाच्या प्रमुख मावशी तर रडायलाच लागल्या. आणि पप्पांनी, माझ्या शहाण्या पप्पांनी, सगळ्यांसमोर शब्द दिला की रविवारी आमच्या दारात सभा होईल.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, होऊ दे, लोक जेवून जातील. पण खरी मेख पुढे होती. शनिवारी सकाळी मावशी घरी आल्या आणि आईच्या शेजारी बसून गोड आवाजात म्हणाल्या, "आता हॉस्पिटल बंद हं. बऱ्या झालेल्या बाईनं हॉस्पिटलची पायरी चढायची म्हणजे प्रभूला खोटं पाडायचं. उद्या साक्षीत तेवढं सांगून टाक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या गुडघ्यांना तेल चोळता ना रोज? मग तिथे का नाही विश्वासानं घेत?"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस."

"मोठा घास तुम्ही घेताय. माझी आई गिळायला निघालाय!"

"आवाज खाली," पप्पा म्हणाले. मावशी पदर सावरत उठल्या, दारात थांबून आईला म्हणाल्या, "विश्वास कमी पडू देऊ नकोस बाई," आणि गेल्या. विश्वास कमी पडू देऊ नकोस! जिला नळावरून बादली उचलता येत नव्हती तिला हे सांगायचं. आजारी माणसावर आजाराचं ओझं असतंच, त्यावर ह्यांनी आणखी एक गोणी टाकली. बरी झालीस तर श्रेय ब्रदरांचं, नाही झालीस तर दोष तुझा. असला एकतर्फी सौदा मी बाजारातही पाहिला नाही.

भिंतीपलीकडे मालवणच्या काकू राहायच्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. आईसाठी पेज घेऊन आल्या आणि टोप ठेवता ठेवता मला विचारलं, "अगो, तुमच्या देवाक डाक्टराचो राग येता काय गो?" आई खुदकन हसली.

मी पप्पांच्या मागे लागले. "पप्पा, खरंच लाईट सोडायची? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना तुम्ही?"

ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. "मी देवाला शब्द दिलाय."

तेव्हा आई बोलली. पेजेची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, अंग माझं. त्याचा शब्द तुम्ही कसा दिलात?"

पप्पा वळले. त्यांचे डोळे लाल झालेले. "मग काय करू मी? त्या मशीनचं नाव काढलं की तू गेलीस असंच वाटतं मला. कोणीतरी म्हणालं की झालीस बरी, तर मी नाही म्हणू?" एवढं बोलून चपला घालून ते निघून गेले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पप्पा एकदाही हॉस्पिटलात का आले नव्हते. ते आईच्या मरणाला घाबरले होते, आणि ब्रदरांनी नेमकी तीच नस पकडली होती. ब्रदरांवरचा माझा राग त्यानं आणखीच वाढला.

दुपारी मी पाळकांकडे गेले. भला माणूस, शिकलेला, माझ्या बाप्तिस्म्याला ह्यांनीच माझ्या कपाळावर पाणी घातलेलं. मला वाटलं, हे तरी थांबवतील. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कपातला चहा ढवळत राहिले. "तुझं बरोबर आहे गं. औषध घ्यायला देवाची मनाई नाहीच. पण आत्ता मी आडवा गेलो तर मंडळी फुटेल. ब्रदरांच्या मागे खूप लोक आहेत."

"आणि आई गेली तर?"

"आपण प्रार्थना करू या."

मी चहा तसाच ठेवून उठले. मंडळी फुटू नये म्हणून माझ्या आईनं मरायचं! हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण दुसरा अर्थ निघतो का सांगा. मेंढरं राखायला ठेवलेला माणूस लांडगा गर्दी जमवतो म्हणून गप्प बसतो, हद्द झाली.

घरी आले तर आई निवांत साडीला इस्त्री करत होती. मी म्हटलं, "आई, तू उद्या उभीच राहू नकोस. चक्कर आली म्हणून आत पडून राहा. मी बघते सगळ्यांना."

"का? मी चोरी केलीय?"

"मग काय सांगणार आहेस तू त्यांना?"

"साक्ष," ती म्हणाली. "माझी मी देईन ना. तू आधी तो पदर धर, चुणी पडतेय."

रविवारी उपासना आटोपून सगळी मंडळी आमच्या दारात. मांडव, सतरंज्या, कोणाच्या तरी ओळखीनं आणलेला माईक. मागे मटणाची डेग रटरटत होती. चाळीतले लोक गॅलरीतून वाकून बघत होते. ब्रदर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, पाळक त्यांच्या बाजूला मान खाली घालून. गाणी झाली. मग ब्रदर गरजले, "आता आमची बरी झालेली भगिनी साक्ष देईल!"

आई खुर्चीचा हात धरून उठली. मी धरायला गेले तर तिनं कोपरानं मला दूर सारलं. माईक तिनं दोन्ही हातांनी पकडला.

"सगळ्यांना सलाम. मी बरी झालेली नाही."

कोणीतरी सवयीनं आमेन म्हणून गेलं.

"माझं रक्त अजून जातं," आई म्हणाली. असं पुरुषांच्या देखत कोणी बोलत नसे. बायकांनी पदर तोंडाला लावले. "रात्री कळा येतात. आता मी बरी झाले म्हटलं तर ते खोटं होईल. प्रभूच्या नावानं खोटं बोलायची मला भीती वाटते. कॅन्सरचीही वाटते, पण तेवढी नाही. तुम्हाला साक्ष हवीय ना? मग त्यानं काय केलं ते सांगते. ते मला मशीनखाली झोपवतात आणि सगळे बाहेर जातात. जाडजूड दार लावून घेतात. माझी पोरगी बाहेर, डॉक्टर बाहेर. तिथे माझ्याबरोबर थांबायची कोणाला परवानगी नाही. पण तो थांबतो. रोज. मी एकदाही तिथे एकटी नव्हते. माझी साक्ष एवढीच आहे. उद्या सोमवार, माझी लाईट आहे, मी जाणार."

ब्रदर लगबगीनं पुढे आले. "बंधूभगिनींनो, ही बोलत नाहीय! हिच्या तोंडून अविश्वासाचा आत्मा बोलतोय! हात वर करा!" आणि त्यांनी आईच्या डोक्यावर हात दाबला. माझ्या हातात पाण्याचा जग होता. देवाशपथ, मी तो त्यांच्या टाळक्यात घालणार होते. पण आईनं त्यांचं मनगट धरलं आणि माईक तसाच तोंडाशी ठेवून म्हणाली, "हात काढा ब्रदर. मला चक्कर येते."

गॅलरीतून काकू फिसकन हसल्या. मावशी "शांत व्हा, शांत व्हा" करत उठल्या. पाळक बुटांकडे बघत होते. मी पप्पांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून उभे होते, चेहरा पार उतरलेला. आता ते आईला खाली बसवतात, माफी मागतात, असंच मला वाटलं. ते आले, आईच्या हातातून माईक घेतला आणि घसा खाकरून म्हणाले, "जेवणावर आशीर्वाद मागू या."

ती प्रार्थना पंचांनी सुरू केली की सभा संपली, असा आमच्याकडचा शिरस्ता. पप्पांनी देवाचे अन्नासाठी आभार मानले, पाण्यासाठी मानले, मग थोडं थांबून म्हणाले, "आणि माझ्या बायकोच्या खरेपणासाठी." ब्रदर न जेवता गेले, त्यांच्यामागे बरेच जण गेले. आईनं उरलेल्यांना स्वतः आग्रह केला. "बसा की. मी बरी नाही झाले म्हणून मटणानं काय गुन्हा केलाय?"

सोमवारी मी तयार होऊन बसले तर पप्पा माझ्याआधी दारात उभे. "तू कामावर जा," म्हणाले. त्यानंतर आईला तेच नेऊ लागले. मशीनच्या दारापर्यंत जायचे, ती आत गेली की बाहेर बाकावर घामाघूम होऊन बसायचे. पण जायचे.

लाईट पुरी झाली, आईला आराम पडला. मंडळीत मात्र तिला सलाम करायचंही लोकांनी सोडलं. साक्ष फिरवलेली बाई म्हणायचे. फिरवली? तिनं ती दिली कधी होती, की फिरवेल? पप्पांना पुढच्या निवडणुकीत पंचांतून काढलं. तरी आई दर रविवारी त्याच बाकावर जाऊन बसायची. मी चिडायचे, तर म्हणायची, "त्यांच्यासाठी जाते का मी?" काही वर्षं अशी बरी गेली. मग दुखणं उलटलं, हाडांत गेलं. तेव्हा मावशींनी निरोप धाडला की ब्रदरांचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. तो निरोप मी आईला कळू दिला नाही. तिच्या कळा तिला पुरेशा होत्या. शेवटपर्यंत ती देवाशी मोठ्यानं बोलायची. भांडायची सुद्धा.

ती गेली तेव्हा सगळे आले. कबरस्तानात पेटी खाली सोडली, मूठमाती दिली, पाळकांनी प्रार्थना केली. आणि मावशी डोळे पुसत पुढे झाल्या. बाहेरगावी असलेल्या ब्रदरांचा हवाला देऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ब्रदरांचं वचन खरं ठरलं हो. प्रभूनं आज तिला पूर्ण बरं केलं. दुखणं गेलं, कळा गेल्या. हालेलूया म्हणा!"

दोन-चार जण म्हणालेही. ती जिवंत असताना त्यांनी तिला खोटं बोलायला लावायचा प्रयत्न केला, तो तिनं हाणून पाडला. आता ती बोलू शकत नाही म्हणून तिच्या मातीवर उभं राहून तीच साक्ष तिच्या नावावर खपवायची!

पप्पांच्या मुठीत अजून माती होती. जन्मात त्यांनी कधी कोणावर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"नाही मावशी," ते म्हणाले. "ती बरी झाली नाही. ती मेली. कळा काढत मेली, आणि त्याचा हात तिनं सोडला नाही. हे तिचं आहे. ह्यातलं काहीही ब्रदरांना देऊ नका."