सहा डबे आणि एक गाठोडं

कळव्याच्या आमच्या चाळीत रंगूबाईंच्या मागच्या खोलीत पाऊल टाकायचं, तर ते कुठे टाकायचं याची आधी चौकशी करावी लागे.

"थांबा भाऊ, तितं ठिगळं हायत. तितंबी नको, तितं सुई हरवलीय."

मग माणूस बगळ्यासारखा एका पायावर उभा. रंगूबाई गोधड्या शिवत. त्या खोलीत लुगडी, परकर, फाटके गणवेश, कुणाच्या तरी लग्नातला कोट, असा सगळा ढीग जमिनीपासून खिडकीपर्यंत गेलेला. चाळीतली भांडणं रंगूबाई गोधडीत मिटवत. पोपटरावांचा सदरा आणि मारुतीरावांची लुंगी शेजारी शेजारी शिवलेली मी पाहिली आहे. मालकांचं एकमेकांशी चार वर्षं बोलणं नव्हतं.

रंगूबाई जुन्नरकडच्या. नवरा केव्हाच गेलेला. त्यांचा एक नेम होता. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत पोळीचा छोटा तुकडा ठेवायचा. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, म्हणे.

"उंदीर लागतील हो," मी एकदा म्हटलं.

"तुमच्या घरात उंदीर हायत ते आमच्या वैनीस्नी सांगा. माझ्या गोधडीला सांगू नका."

सत्त्याऐंशीच्या आषाढात त्यांची एकुलती एक मुलगी मालन टिटवाळ्याला सासरी काविळीने गेली. सव्वीस वर्षांची. मागे चार वर्षांची जनी. त्यानंतर रंगूबाई खोलीत बसत, पण सुई हातात धरून नुसत्याच. भाद्रपदात निरोप आला, की जावई उत्तमराव दिवाळीनंतर दुसरं लग्न करणार आणि बदलीवर भुसावळला जाणार. जनीला घेऊन.

रंगूबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "न्हेऊ दे. बापाची पोर हाय. पर मी तिला मालनच्या कापडांची गोधडी देनार. नवी आई पांघरून देईल, वास कुठनं देईल?"

हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

आमच्या चाळीत एक महिला मंडळ होतं. अध्यक्षा मीराबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांना पसारा दिसला की शाळा सुटल्याची घंटा ऐकू आल्यासारखं होई, आणि त्या धावत सुटत. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की शिवणाची खोली नीटनेटकी असली की बाईच्या मनात कल्पना आपोआप फुलतात. रंगानुसार कापड, डब्यात दोरे, भिंतीला फळ्या.

"रंगूबाईंचं मन लागत नाही ते त्या उकिरड्यामुळे," मीराबाईंनी निदान केलं. "खोली लावून देऊ. चाळीतल्या बायका तिथे गोधडी शिकतील. त्यांनाही सोबत."

नवरात्रात रंगूबाई जनीला महिनाभरासाठी आणायला टिटवाळ्याला गेल्या. तीन दिवस. किल्ली आमच्याकडे. आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे. 'लाल'. 'हिरवे'. 'फुलाफुलांचे'. रंगूबाईंना अक्षरओळख नव्हती, हे चौदा चिठ्ठ्या डिंकाने चिकटवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

कोनाड्यात धुतलेल्या, घडी घातलेल्या कपड्यांची एक चळत होती. मीराबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि नव्या फळ्यांपैकी सगळ्यात वरच्या फळीवर, चांगल्या जागी ठेवली. "ही मालनची. हिला कुणी हात लावू नका."

खाटेखाली, भिंतीला टेकून, एका मळक्या चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. सोडून पाहिलं तर घामट, तेलकट, चुरगळलेले कपडे. एका पोलक्यावर हळदीचा डाग. मीराबाईंनी नाकाला पदर लावला.

आणि तेवढ्यात खाली गल्लीत बोहारीण ओरडली, "भांऽऽडीय!"

दोऱ्यांसाठी डबे हवेच होते. गाठोडं उचलून खाली मीच नेलं. घासाघीसही मीच केली. ती चार डबे देत होती, मी सहा घेतले. जिना चढताना मी शीळ घालत होतो, हे मला अजून आठवतं.

तिसऱ्या दिवशी रंगूबाई जनीला कडेवर घेऊन आल्या. अर्धी चाळ दारात. मीराबाईंनी पडदा ओढावा तसं दार उघडलं. रंगूबाईंनी फळ्या पाहिल्या, डबे पाहिले. काहीतरी गमतीचं बोलणार म्हणून आम्ही सगळे आधीच हसायला लागलो होतो. त्या जनीला खाली ठेवून खाटेखाली वाकल्या.

"हितलं गाठुडं?"

मीराबाई म्हणाल्या, "मालनचे कपडे वर आहेत हो. बघा, कसे जपून..."

"ती वानीणबाईची चळत हाय. शिवायला दिल्याली. मालनचं हितं व्हतं."

"पण ते तर... धुतलेलंसुद्धा नव्हतं."

"धुवीन कशी?" रंगूबाई म्हणाल्या. एवढंच. आवाज चढला नाही. आम्हाला त्यांच्या शिव्यांची सवय होती. त्या दिवशी एकेकाने मनातून त्या मागितल्या असतील.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून मीराबाईंबरोबर कल्याणला गेलो. जुन्या कपड्यांचा बाजार भरतो तिथे बोहारणींच्या रांगेत आम्ही हळदीचा डाग पडलेलं पोलकं शोधत होतो. मीराबाई प्रत्येकीपुढे उकिडव्या बसत, चष्मा पुसत. आमची बोहारीण कोणती, हे दोघांनाही सांगता येईना. आम्ही डब्यांकडे पाहिलं होतं, तिच्या तोंडाकडे नाही.

शेवटी एका म्हातारीला दया आली. "किती दिस झाले?"

"तीन."

"मग कशाला फिरते, ताई? आम्ही त्याच दिशी सोड्यात उकळते. डाग काढल्याशिवाय कोन घेनार?"



रंगूबाईंनी गोधडी शिवली. जनीला पांघरूण द्यायचं कबूल केलं होतं. स्वतःच्या दोन लुगड्यांचं अस्तर, वर चाळीने आणून दिलेले तुकडे. आमच्या हिने आपली लग्नातली साडी दिली. मीराबाई रोज दुपारी येऊन सुईत दोरा ओवून देत. चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच नखाने खरवडून काढल्या होत्या. गोधडी सुरेख झाली. इतकी सुरेख रंगूबाईंनी कधीच शिवली नसेल, आणि त्यांनी तिच्याकडे एकदाही कौतुकाने पाहिलं नाही.

जनीने गोधडीवर पालथं पडून विचारलं, "आजी, यातलं आईचं कुठलं?"

रंगूबाईंनी निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. तो मीराबाईंच्या साडीचा होता. मीराबाई उठून बाहेर गेल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उत्तमराव येणार होते. सकाळी शेवटचा कोपरा राहिला होता. आमची ही पोळी घेऊन गेली, मीही मागे गेलो. रंगूबाईंनी पोळीकडे पाहिलं आणि कोपरा तसाच दुमडून टाका घातला.

"रंगूबाई, घास राहिला," मी म्हटलं.

"हिच्या पोटात काय हाय, भाऊ, म्हनून घास घालू?"

दोरा दाताने तोडला. दुपारी जनी बापाचं बोट धरून गेली. गोधडी उत्तमरावांच्या खांद्यावर. पोर चाळीच्या कोपऱ्यापर्यंत निळ्या तुकड्याला हात लावत चालली होती.

मंडळाचा वर्ग भरला नाही. फळ्यांवर धूळ साचली. सहा डबे मात्र रंगूबाई घासून लख्ख ठेवत. आम्हाला वाटलं, चला, निदान तेवढं तरी त्यांना आवडलं.

पौषात गल्लीत बोहारीण आली. दुसरीच कुणी. रंगूबाई सहाही डबे पदरात घेऊन खाली उतरल्या.

"हे घे. कापडं दे."

बोहारीण हसली. "उलटा धंदा करते काय, मावशी?"

"गाठुडं सोड."

तिने सोडलं. रंगूबाई उंबऱ्यावर बसल्या आणि एकेक कपडा उचलून नाकाशी नेऊ लागल्या. सदरा, परकर, झबलं, फाटका टॉवेल. सगळं गाठोडं संपलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा नीट बांधून दिलं, डबे उचलले आणि वर आल्या.

पुढे सात वर्षं, गल्लीत "भांऽऽडीय" ऐकू आलं की आधी जिन्यात डब्यांचा आवाज होई. बोहारणींना सवय झाली होती. त्या काही न बोलता गाठ सोडत.