सलग सोयाबीनमधला आडोसा

पौर्णिमा डिझाइन शिकते म्हणजे नेमकं काय करते, याचं मेडशी गावात ज्याचं त्याचं उत्तर तयार होतं. शेजारच्या काकूंना वाटे, पोरगी मेहंदीची कुठलीशी मोठी परीक्षा देणार. ब्लाउजचे गळे काढून मागायला येणाऱ्या दोघी-तिघी होत्याच. अकोला रस्त्यालगत वीस एकराचं वावर असलेल्या धनराजभाऊंच्या लेखी डिझाइन म्हणजे फ्लेक्स. तिचे वडील इंद्रभान मात्र कोणी विचारलंच तर सांगत, "मानसाच्या हातातली वस्तू मानसाले सोपी कशी होईन, त्याचं शिक्षन हाय थे." आणि मग स्वतःलाच ते फार झाल्यासारखं वाटून पान लावायला घेत.

अमरावतीला चित्रकलेची पदवी, मग तिथंच एका जाहिरातवाल्याकडे दोन वर्षं नोकरी, आणि पंचविसाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश, अशी ही पौर्णिमा. संस्थेतले पहिले दोन महिने तिचे नुसते वाहून गेले. इंग्रजीचं ती निभावून नेत होती. लाकडाच्या कार्यशाळेत तर तिचा हात कोणाहून कमी नव्हता. अडचण वेगळीच होती. कागद समोर घेतला की हात फोनकडे जाई. फोनवर वर्गातल्या बाकीच्यांची कामं: कोणाची जपानी पद्धतीची केटली, कोणाचा समुद्राच्या वाळूचा दिवा, सगळं पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढं ठेवून काढलेलं. एक बघितलं की दुसरं. बघता बघता दोन तास जात आणि आपला कागद कोरा तो कोराच. रूममेट वैभवी नागपूरची, हौशी. ती म्हणे, "चल, कॉफी पिऊन येऊ, मग सुचेल." कॉफी पिऊन झाल्यावर मालिकेचा एक भाग. मग दुसरा. सुचत काहीच नसे.

ऑक्टोबरात तीन आठवड्यांचा क्षेत्र-अभ्यास आला. एखादं अंगमेहनतीचं काम निवडायचं, त्यातली अडचण शोधायची आणि तिच्यावर एक वस्तू करून आणायची. पौर्णिमाने हातमोजा निवडला. सोयाबीन सोंगताना, म्हणजे कापताना, वाळल्या शेंगांची टोकं बायांच्या हातांत घुसतात, तळवे सोलून निघतात. बाया जुने पायमोजे कापून हातात चढवतात. तिची माय लिलाबाई तेच करायची. मार्गदर्शक रंजीता मॅडमना विषय आवडला. "छान आहे. छोटा, नेमका. यातच राहा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस फ्लेक्सनेच खाल्ले. धनराजभाऊंनी नवरात्राचा एक सांगितला, तो तिने केला. दुसऱ्या दिवशी वाढदिवसाचा आला, तोही केला. तिसऱ्या दिवशी स्वागताचा आला, वर भाऊंचा निरोप, "माहा फोटो जरा मोठा घेजो." ती फोटो मोठा करत बसली आणि अचानक तिच्या ध्यानात आलं की संस्थेत जे होत होतं तेच इथंही होतंय. स्वतःचं सोडून सगळं चाललंय. तिने लॅपटॉप बंद केला आणि निरोप पाठवला, की आता जमणार नाही.

"मोठी झाली काय व?" भाऊंनी फोन करून विचारलं.

"नाई भाऊ. काम हाय मले," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मायसोबत सोंगणीला निघाली.

टोळी अकरा बायांची. गुत्त्यानं म्हणजे ठेक्यानं काम घ्यायचं, तिथं पुढं गोजराबाई. साठीच्या, उंच, आवाज असा की धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पार पलीकडं ऐकू जावा. पौर्णिमाने शिवून आणलेले मोजे सगळ्यांना वाटले. बायांनी कौतुकानं घातले, फोटोही काढू दिले. अर्ध्या तासात एकेक मोजा धुऱ्यावर येऊन पडायला लागला.

"काहून काढले, मावशी?"

"इळ्याची पकड सुटते बाप्पा. पायमोजा बरा. फाटला तं फाटला." गोजराबाईंनी वर न बघता मूठ कापून बाजूला टाकली. "तुहं शिवनकाम चांगलं हाय पन."

पौर्णिमा मोजे गोळा करून वहीत लिहीत बसली. अकराच्या सुमाराला तिला लघवीला लागलं. सकाळी भरपूर पाणी पिऊन निघायची सवय तिला शहरात लागली होती. तिने मान वर करून चहूकडं बघितलं. एका अंगाला रस्ता, त्यावर अकोल्याकडं जाणाऱ्या गाड्या. दुसऱ्या अंगाला मळणीयंत्र आणि त्याच्यावरची चार माणसं. मधे गुडघ्याएवढं सलग सोयाबीन. तुरीची एक ओळ नाही, धुऱ्यावर बाभळीचं झुडूप नाही. वावर धनराजभाऊंचं; ते झुडूप त्यांनी गेल्या साली जेसीबीनं काढलं होतं.

तिने मायच्या कानात सांगितलं. लिलाबाई हसली. तिचं बघून शेजारची हसली, आणि मग सगळी रांगच हसायला लागली.

"पानी पेऊन आली काय व?" गोजराबाई म्हणाल्या. "सोयाबीनच्या वावरात पानी पेऊन येत असतेत काय?"

शेवटी दोघी बायांनी पाठ करून पदर धरले. रस्त्यावर एका ट्रकवाल्याने उगाच हॉर्न वाजवला. परत येऊन बसली तेव्हा तिचं वहीत लक्ष नव्हतं.

"मग तुमी काय करता?" तिने विचारलं.

"काई नाई करत. सकाळपासून तोंड कोरडं ठेवतो. घरी गेल्यावर पेतो," टोळीतली ललिताबाई म्हणाली. तिला दोनदा मूतखड्यानं गडाबडा लोळवलं होतं. डॉक्टरनं दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं. ते सांगताना तिला स्वतःलाच हसू आलं.

"आंधी जवारी होती," गोजराबाई म्हणाल्या. "जवारीत हत्ती लपला असता. कपाशी बी कंबरेपर्यंत येते. हे सोयाबीन आलं अन् आडोसा गेला. कोनी म्हनलं नाई, कोनाले सांगावं बी नाई."

पौर्णिमाने मायकडं बघितलं. लिलाबाई मान खाली घालून सोंगत होती. वीस वर्षं ती या कामाला येत होती. घरी आल्याबरोबर माठापाशी उभं राहून तांब्यामागून तांब्या रिचवणारी माय पौर्णिमाने लहानपणापासून बघितली होती. दमून आली असेल, एवढंच तिला वाटत आलं होतं.

संध्याकाळी तिने मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"प्रश्न मोठा आहे, पौर्णिमा, पण तो वस्तूचा नाही," मॅडम म्हणाल्या. "तो व्यवस्थेचा आहे. तुझ्याकडे दोन आठवडे उरलेत. मोज्यालाच पकड चांगली येईल असं काही कर."

"मोजा त्यांना नकोय, मॅडम."

"परीक्षकांसमोर तुला काहीतरी ठेवावं लागेल."

"ठेवते ना. पण मोजा नाही."

मग मॅडम म्हणाल्या, "जबाबदारी तुझी."

"हो," पौर्णिमा म्हणाली. त्या रात्री वर्गाच्या ग्रुपवर केटल्यांचे नवे फोटो आले, ते तिने उघडूनही बघितले नाहीत.

पहिला आडोसा तिने चार लोखंडी सळ्यांचा केला. सळ्या जमिनीत खुपसायच्या, भोवती मंडपाचं केशरी कापड. सळ्या खुपसायला दगड लागला, आणि वाऱ्याची एक झुळूक आली तसा सगळा डोलारा ललिताबाईच्या अंगावर. बायांची हसून हसून पुरेवाट. "अन् हे केशरी कायले?" एकीनं विचारलं. "लगन हाय काय इथं? सारा रस्ता पाहीन, आत कोन बसलं म्हनून."

दुसऱ्यासाठी ती गोविंदसिंगच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसली. तीन नळ्या, वर एकत्र जोडलेल्या, छत्रीसारख्या उघडणाऱ्या. भोवती वाळल्या सोयाबीनच्या रंगाचं कापड. उभा राहिला, पडला नाही. पण बाया आत जाऊन लगेच बाहेर. पौर्णिमाला कळेना. शेवटी मायनंच सांगितलं, "आत बसलं की बाहेरचं काई दिसत नाई व. कोन येऊन राह्यलं, काय ठाऊक. अन् खाली कापड भुईले टेकते. साप असला तं?"

हे वहीत आलं नसतं, कुठल्या पुस्तकातही मिळालं नसतं. बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला चार बोटांची फट, वरून झालर, म्हणजे आतून दिसावं आणि बाहेरून नाही. खालून वीतभर कापड कमी. दुमडला की विळ्यांच्या गाठोड्यासोबत खांद्यावर यावा. तिसरा आडोसा उभा केला त्या सकाळी ललिताबाई घरून पाण्याचा कॅन घेऊन आली.

त्या दिवशी टोळी पुन्हा धनराजभाऊंच्या रस्त्यालगतच्या वावरात होती. भाऊ दहाला मोटारसायकलवर आले, गाडी स्टँडला लावली आणि आडोशाकडं बघत राहिले.

"हे काय होय?"

"आडोसा होय, भाऊ," पौर्णिमा म्हणाली.

"कायचा आडोसा?"

तेवढ्यात ललिताबाई पदर सावरत आतून बाहेर आली. भाऊंना कळलं तसं त्यांचं तोंड लाल झालं. "माह्या वावरात? रस्त्याच्या कडंले? लोकं काय म्हनतीन, धनराजच्या वावरात तंबू ठोकले! उचल थे. फ्लेक्स कराले टाइम नाई अन् हे धंदे करून राह्यली."

"नाई उचलत."

"काय म्हनलं?"

"नाई उचलत म्हनलं." पौर्णिमा आडोशाच्या नळीवर हात ठेवून उभी होती. "तुमी वावरात आले, भाऊ, तं त्या लाइटच्या खांबामागं जाता. रस्त्याकडं पाठ करून. रोज जाता. साऱ्या बाया पाह्यतेत. कोनी काई म्हनलं काय तुमाले?"

मळणीयंत्रावरची माणसं थांबून ऐकायला लागली. भाऊ लिलाबाईकडं वळले. "लिलाबाई, समजाव पोरीले."

लिलाबाई पहिल्या दिवसापासून या सगळ्याला लाजत होती. आडोशाचं कापड शिवतानाही तिने दार लोटून घेतलं होतं. ती कमरेवर हात देऊन उठली. "मी काय समजावू, भाऊ? मले बी जा लागते."

गोजराबाईंनी विळा खाली ठेवला. एकामागोमाग एक, अकरा विळे खाली आले. बाया धुऱ्यावर जाऊन बसल्या. पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं, आणि उन्हानं तापलेल्या शेंगा जागच्या जागी तडतड फुटून दाणे मातीत पडत होते.

"तंबू जाईन तं इळे बी जातीन," गोजराबाई म्हणाल्या. "पाह्य आता तूच."

भाऊंनी एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा धुऱ्याकडं. मग गाडीला किक मारली. ती दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली.

"उठा व," गोजराबाई म्हणाल्या.

नोव्हेंबरात परीक्षकांपुढं पौर्णिमाने तो तिसरा आडोसा उभा केला. दालनात एसी होता. आजूबाजूला केटल्या, दिवे, एक सुंदर घडीची सायकल. बाहेरून आलेले दोन परीक्षक. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी झालर वर करून बघितली, सोडली.

"काम प्रामाणिक आहे," ते म्हणाले. "पण पहिल्याच सत्रात, इतक्या विषयांतून... जरा बरा विषय घेता आला नसता का?"

बोलायचं पाठ करून आणलेलं सगळं पौर्णिमा विसरली.

"सर, सकाळपासून तुम्ही तीनदा उठून गेलात," ती म्हणाली. "मी बघत नव्हते, पण माझा नंबर शेवटचा होता, म्हणून दारापाशी बसून होते. तुम्हाला उठून जायला जागा आहे. ती कोणीतरी डिझाइन केलीय. त्याला बरा विषय मिळाला नव्हता का?"

वैभवीने मागच्या रांगेत तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या परीक्षक बाई खाली बघून लिहायला लागल्या. वयस्कर गृहस्थांनी वरच्या जोडाबद्दल विचारलं: हा पावसात गंजेल, दोन हंगामांत सैल होईल, याचं काय? "त्याचा विचार मी केला नव्हता," पौर्णिमा म्हणाली.

गुणांत ती वर्गात खालून तिसरी आली. रंजीता मॅडम नंतर कार्यशाळेत आल्या. "माझं ऐकलं असतंस तर तू मोजाच केला असतास, आणि गुण जास्त मिळाले असते," त्या म्हणाल्या. "जोडाचं मात्र त्यांचं बरोबर होतं." पौर्णिमाने मान डोलावली. तिला राग आला होता, गुणांचा आणि जोडाचाही. त्या रागात तिने पुढचे आठ दिवस नुसती जोडांची चित्रं काढली. फोन कुठं ठेवलाय ते संध्याकाळी शोधावं लागे.

डिसेंबरात ती गावी आली तर गोविंदसिंगनं तिला न विचारता आणखी सहा आडोसे करून विकले होते. वरचा जोड काढून त्याने सरळ डोक्यावर खाच असलेला नटबोल्ट टाकला होता. पौर्णिमा संतापली. बोल्ट अंगठ्याला लागेल, दिसायलाही वाईट. "लागते थोडासा," गोविंदसिंग म्हणाला, "पन सैल झाला तं बाई सोताच कसून घेते. पाना लागत नाई, रुपयाचं नानं चालते." तिने तो हातात घेऊन उघडून-मिटून बघितला, पुन्हा बघितला, आणि मग वही काढून त्याचं चित्र काढायला बसली.

धनराजभाऊ तिच्याशी अजून बोलत नाहीत. फ्लेक्स ते तालुक्याच्या मालेगावहून करून आणतात. हरभऱ्याच्या निंदणाला मात्र त्यांच्या वावरात गोजराबाईंची टोळी गेली, आडोशासकट गेली, आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नाही.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी अनोळखी नंबरवरून फोन आला. किन्हीराजा गावच्या एका बाईचा. गोविंदसिंगकडून त्यांच्या टोळीनं एक आडोसा नेला होता आणि त्याबद्दल तिची तक्रार होती.

"फट लय खाली केली तुमी," ती बाई म्हणाली. "आमच्यात एक म्हातारी हाय, तिचे गुडघे मुडपत नाईत. थे अर्धी उभीच राह्यते. तिले काई दिसत नाई."

"किती उंच बसते थे?" पौर्णिमाने विचारलं.

"आता थे मी कसं सांगू? तुमीच या अन् मोजा."

"येतो," पौर्णिमा म्हणाली. "सकाळी कितीची बस हाय तिकडं?"