जाधववहिनींच्या डब्यातला खिमा

आता काय सांगू! आधी चहा संपवा बघू. मध्येच ठसका लागला तर त्याचंही खापर माझ्या डोक्यावर फुटेल, आणि तिथे आता जागा नाही!

आमची प्रज्ञा मुंबईला असते. तिला ट्रेनिंगसाठी दहा दिवस बाहेर जायचं होतं, म्हणून तिचं चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, गुंडू, ती आमच्याकडे रत्नागिरीला सोडून गेली. सोबत एक कागद. काय तर म्हणे गुंडू कच्चं खातो! हाडासकट दळलेला कोंबडीचा खिमा, त्यात थोडी कलेजी. आणि सगळं कच्चं!

"अगं, दोन शिट्ट्या काढल्या तर काय बिघडेल?"

"बाबा, डॉक्टरांना विचारून ठरवलंय. शिजवलेलं हाड पिल्लाला टोचतं. कागदावर आहे तेवढंच करा. तुमचा उतावळेपणा नको. गुंडू आजारी पडला ना, तर परत तुमच्याकडे कधीच ठेवणार नाही."

घ्या! पोटची पोर बापाला नोटीस देते. पण खरं सांगतो, मला ते लागलं. दहा दिवसांत पिल्लाला शिंकसुद्धा येऊ द्यायची नाही, असं मी मनाशी ठरवलं.

मी शाळेत तीस वर्षं क्लार्क होतो. कागदावर आलं म्हणजे हुकूम! खिमा आधी फ्रीजरमध्ये गोठवायचा. मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा. वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. सुरी वेगळी, पाट वेगळा, हात साबणाने. शेवटी डॉक्टरांचा नंबर. मी तोंडाला रुमाल बांधून खिमा करायला बसलो, तर सुमन, म्हणजे आमची मंडळी, दारातून बघत म्हणाली, "अहो, प्रज्ञाच्या वेळी एकदा तरी दूध गरम केलं होतंत का?"

मी लक्ष दिलं नाही. मोठ्या कामात असं होतंच.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी दहाला लाईट गेली. इथून माझ्या जिवाची घालमेल सुरू! खिमा वितळला तर? मी दर पाच मिनिटांनी फ्रीजर उघडून बोट लावून बघायचो.

"अहो, तुम्हीच सगळा गारवा बाहेर घालवताय! बसा की जरा!"

बसवतंय कुणाला? समोरच्या जाधवांकडे इन्व्हर्टर. त्यांचा फ्रीज चालू असणार! मी घाईघाईने झाकणाचा एक मोठा स्टीलचा डबा उचलला, उरलेला सगळा खिमा त्यात कोंबला आणि धावत सुटलो. जाधवभाऊ पडवीत फोनवर बोलत होते.

"जयभीम भाऊ! हे लगेच फ्रीजरला टाका, नासेल!"

त्यांनी मान हलवली, डबा घेतला, मी परत. काम फत्ते!

दोन वाजता लाईट आली. गुंडूच्या जेवणाची वेळ झालेलीच होती, म्हणून मी डबा आणायला गेलो. तर जाधवांकडे त्यांच्या लेकीचे सासू-सासरे आलेले, संगमेश्वरहून. पंगत बसलेली. आणि वास काय सुटलाय!

"या ओ भाऊजी!" जाधववहिनी हसत पुढे आल्या. "अवो, आंबोळ्यांच्या डब्यातनं कोणी एवढा खिमा पाठवतं काय? पाव्हणे दारात, घरात मटण नाय, आणि तुमचा डबा आला. देवासारखे धावलात बघा!"

आत्ता माझी ट्यूब पेटली. गेल्या आठवड्यात वहिनींनी आंबोळ्या पाठवल्या होत्या. तो डबा आमच्याकडेच होता. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं, ठसठशीत! शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी तो भरून, स्वतःच्या हाताने, त्यांच्याच दारात नेऊन दिला होता. त्या बाईने दुसरं काय समजायचं?

सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात व्याही म्हणाले, "खिमा एक नंबर! हाडाची कणी लागते जरा, पण चव हाय!"

आता सांगा, त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्ही कुत्र्याचं जेवण जेवताय?

वहिनींनी मला पाटावर बसवलंच. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागणार! मी एक वाटी खाल्ली. लाज वाटते सांगायला, पण चांगला झाला होता हो. दुसरी वाटी मीच मागून घेतली.

घरी आलो तर गुंडू रिकाम्या भांड्यापाशी बसून माझ्याकडे टकामका बघतोय. घरात खिमा नाही, पिल्लू उपाशी, आणि दुसरं काही दिलं न् बाधलं तर? प्रज्ञाला काय तोंड दाखवू? शिवाय शिजवलेलं हाड टोचतं म्हणे, आणि मी तर दोन वाट्या खाऊन बसलेलो. मी कागदावरचा नंबर फिरवला.

"डॉक्टर, गुंडूच्या घरून बोलतोय! घोळ झालाय! त्याचा खिमा शिजवला गेला, आणि दोन वाट्या पोटात गेल्या!"

"हाडासकट? शिजवून?"

"हो! वर कांदा, लसूण, गरम मसाला!"

"कांदा? अहो, कुत्र्याला कांदा म्हणजे विष! ताबडतोब घेऊन या! वजन किती आहे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"काय अठ्ठ्याहत्तर?"

"किलो."

"चार महिन्यांचं पिल्लू अठ्ठ्याहत्तर किलोचं?"

"पिल्लाचं नाही हो! पिल्लू बिचारं उपाशी आहे. मी खाल्ला."

मग डॉक्टर एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "पिल्लाला आज साधं उकडलेलं चिकन द्या. हाडं काढून, मीठ न घालता. तुम्हाला काही होत नाही. आणि घरात कुणी मोठं माणूस आहे का? असेल तर फोन त्यांच्याकडे द्या."

साठी उलटली माझी! मुकाट्याने फोन सुमनच्या हातात दिला.